वर्गातील गप्प मूल : मेळघाटातील शाळा आणि समान न्याय

सातपुड्याच्या गाविलगड रांगांत, परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव वसले आहे. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला आणि तेव्हापासून हे नाव बाहेरच्या लोकांना वनपर्यटनाचे ठिकाण म्हणून परिचित झाले. परंतु सेमाडोह आणि भोवतालची गावे ही प्रथम माणसांची वस्ती आहे. तीत कोरकू समाजाची संख्या मोठी असून त्याच्या जोडीला गवळी, गोंड, निहाल, बलई, बौद्ध अशी कुटुंबे आहेत. शिवाय वन, महसूल, आरोग्य व शिक्षण खात्यांत नोकरीनिमित्त आलेली मंडळी. त्यामुळे येथील प्राथमिक शाळेच्या एकाच खोलीत कोरकू, गवळ्यांची बोली, हिंदी आणि वऱ्हाडी अशा तीन-चार भाषा एकाच सतरंजीवर बसतात. फळ्यावर मात्र एकच भाषा असते. ती म्हणजे पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी.

विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिलीचा वर्ग भरतो. दर्यापूर, अचलपूर किंवा अकोटकडून बदलून आलेले गुरुजी भिंतीवर चित्रांचा तक्ता टांगतात आणि विचारतात, "सांगा पाहू, हा कोण?" चित्र वाघाचे असते. वनरक्षकाचा मुलगा चटकन हात वर करतो आणि शाबासकी मिळवतो. ज्या कोरकू मुलाच्या घरामागील नाल्यात पहाटे वाघाचे ठसे उमटलेले असतात, ते मूल खाली मान घालून बसते. त्याला वाघ ठाऊक आहे, त्याचा शब्दही ठाऊक आहे. तो शब्द ‘कुला’ असा आहे, आणि तो कोणी विचारलेला नाही.

असे चार-सहा आठवडे गेले की शिक्षकांच्या मनात त्या मुलाविषयी एक मत तयार होते. ते कोठे लिहिलेले नसते. पण त्यानुसार मुलाची जागा मागे सरकते, त्याला प्रश्न विचारले जात नाहीत, त्याची वही शेवटी तपासली जाते किंवा राहून जाते. पुढे दुसरीत, तिसरीत नवे शिक्षक आले तर त्यांना हे मत वारशाने मिळते. अखेरीस पाचवी-सातवीत मुलगा शाळा सोडतो, तेव्हा ‘आदिवासी पालकांना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा देऊन प्रकरण बंद होते. पहिलीतील त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावला गेला, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. वर्गातील न्याय-अन्यायाचा विचार येथपासून सुरू करावा लागतो.

मेळघाटात काम करणाऱ्या बहुतेक शिक्षकांच्या मनात भेदभावाची भावना नसते, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. ‘आम्ही सर्वांना सारखेच शिकवतो’ असे ते सांगतात आणि ते प्रामाणिकपणे सांगतात. अडचण त्या ‘सारखेच’ या शब्दात आहे. सर्वांना एकच पुस्तक, एकच प्रश्न, उत्तरासाठी एकच अवधी आणि एकच भाषा दिली, म्हणजे ज्याच्या घरात ती भाषा बोलली जाते त्याला एक वर्षाची आघाडी आपोआप मिळते. शर्यतीची रेषा सर्वांसाठी एकच आखली, पण एक मूल रेषेवर उभे आहे आणि दुसरे नदीपलीकडे. अशा वेळी शिट्टी एकदम वाजवल्याने न्याय होत नाही.

कोरकू भाषेविषयी शिक्षकाला काय ठाऊक असावे

कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बिघडलेली बोली आहे, असा समज अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा आहे. संथाळी, मुंडारी, हो या पूर्व भारतातील भाषा तिच्या नात्यातल्या. या शाखेतील सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा तीच. २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार होती. हे लोक मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर या बाजूला आणि महाराष्ट्रात मुख्यतः मेळघाटात राहतात. ‘कोरकू’ या नावाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय.

ही माहिती केवळ ज्ञानासाठी नाही. तिचा उपयोग वही तपासताना होतो. कोरकू मूल ‘माझा पुस्तक’, ‘मोठी झाड’ असे लिहिते, तेव्हा शिक्षक लाल शाईने खूण करतात आणि ते बेफिकिरीचे लक्षण मानतात. वास्तविक मराठीप्रमाणे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी नामांची विभागणी कोरकू भाषेत नाही. तेथे नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. दुसरीकडे, मराठीत नसलेले द्विवचन कोरकूत आहे: एक माणूस, दोन माणसे आणि दोहोंपेक्षा अधिक माणसे यांची रूपे निरनिराळी होतात. संस्कृत शिकताना द्विवचनाने ज्यांना रडवले, त्या शिक्षकांनी सहा वर्षांचे कोरकू मूल हे रूप सहज वापरते, याची नोंद घ्यावी. मुलाची चूक ही अज्ञानातून झालेली नसून एका नियमबद्ध भाषेतून दुसऱ्या नियमबद्ध भाषेकडे येताना झालेली आहे, हे एकदा कळले की लाल शाईचा रंग थोडा फिका होतो आणि शिकवण्याची रीतही बदलते. लिंगभेद हा विषय मग मुद्दाम, वस्तू हातात घेऊन, खेळातून शिकवावा लागतो. मराठीभाषी मुलाप्रमाणे तो आईच्या दुधाबरोबर आलेला असेल असे गृहीत धरता येत नाही.

अंकांचेही तसेच. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, असे कोरकू आकडे दहापर्यंत चालतात आणि पुढे जुन्या गणनेत ‘दहा आणि एक’ अशा सरळ जोडणीने संख्या तयार होते. मराठीत मात्र एकोणपन्नास, पंचेचाळीस, त्र्याहत्तर अशी रूपे एकेक करून पाठ करावी लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशा वाचनाची सोय दिली गेली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला आणि त्यात थट्टाही पुष्कळ झाली. त्या वादात मराठी भाषेच्या सौंदर्याची चिंता अनेकांनी वाहिली; ज्यांना ती भाषाच घरी मिळत नाही अशा मुलांचा उल्लेख फारच थोड्यांनी केला. मेळघाटातील शिक्षकाने दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवावीत. संख्या समजणे आणि संख्येचे मराठी नाव पाठ असणे या दोन गोष्टी आहेत, आणि गणिताच्या तासाला पहिलीचे गुण आधी द्यावयाचे आहेत.

आणखी एक बाब सांगण्यासारखी आहे. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून आणि त्याला वगळून, असे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हे दोन निराळे शब्द मराठीत आहेत. हिंदीत त्या जागी ‘हम’ हा एकच शब्द आहे. कोरकूत मात्र मराठीसारखाच हा भेद आहे: ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘अबुंग’ आणि त्याला बाहेर ठेवणारा ‘आले’. म्हणून शिक्षक जेव्हा ‘तुम्ही लोक शाळेत नियमित येत नाही’ असे म्हणतात किंवा ‘आमच्याकडे असे चालत नाही’ असे सांगतात, तेव्हा आपल्याला कोणत्या बाजूला उभे केले आहे हे कोरकू मुलाला व त्याच्या आईला नेमके समजते. वर्गात ‘आपण’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, हे एखाद्या शिक्षकाने आठवडाभर मोजून पाहिले तर त्याला स्वतःविषयी बरीच माहिती मिळेल.

वऱ्हाडच्या मातीतील जुना धडा

याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभाव पंथाची भूमी. तेराव्या शतकाच्या अखेरीस पंथातील विद्वानांना संस्कृतात ग्रंथरचना करण्याची हौस होती, तेव्हा आचार्यांनी ती रोखली. संस्कृतात लिहिले तर पंथातील साध्या बाया-माणसांना ते कळणार नाही आणि त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची भूमिका होती. मराठी गद्याची थोर परंपरा या एका आग्रहातून पुढे आली. रिद्धपूर आणि सेमाडोह एकाच जिल्ह्यात आहेत. तेव्हा संस्कृत ज्या जागेवर होती, त्या जागेवर आज कोरकू मुलाच्या दृष्टीने मराठी उभी आहे, हे वऱ्हाडातील शिक्षकाने ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

वऱ्हाडी माणसाला हे ओळखणे तसे सोपे जावे. ‘मी येऊन राहिलो’, ‘तो करून राहिला’ अशा वाक्यांवर पुण्या-मुंबईकडे हसू उमटते, याचा अनुभव वऱ्हाडातून बाहेर शिकायला गेलेल्या अनेकांनी घेतला आहे. त्या हशाने तोंड कसे बंद होते हे त्यांना ठाऊक आहे. तोच हशा मेळघाटच्या वर्गात कोरकू मुलाच्या मराठीवर उमटतो, तेव्हा तो थांबवण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे. आणि तो पहिल्याच दिवशी, पहिल्याच वेळी थांबवावा लागतो. महिनाभराने थांबवलेला हशा थांबत नाही.

कायदा काय सांगतो

भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ नुसार शिक्षणाचे माध्यम, व्यवहार्य असेल तेथवर, बालकाची मातृभाषा असावे; कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते; आणि दुर्बल व वंचित गटांतील बालकांशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, अशी शिफारस केली.

‘व्यवहार्य असेल तेथवर’ हे शब्द अनेकदा सुटकेचा मार्ग म्हणून वाचले जातात. कोरकूची स्वतंत्र लिपी नाही, शिक्षक मिळत नाहीत, म्हणून ते व्यवहार्य नाही, असा युक्तिवाद होतो. लिपीचा प्रश्न फारसा टिकत नाही, कारण देवनागरीत कोरकू लिहिता येते व लिहिली जाते. शिवाय इतर राज्यांनी वाट काढलेली आहे. ओडिशाने २००६ पासून दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. त्याआधी आंध्र प्रदेशात आठ आदिवासी भाषांत तसा प्रयोग सुरू झाला होता. मूल प्रथम स्वतःच्या भाषेत वाचायला शिकते आणि मग राज्यभाषेकडे टप्प्याटप्प्याने जाते, हा त्यामागचा क्रम. मराठीपासून मुलाला दूर ठेवण्याचा हा मार्ग नाही. तालुक्याच्या कचेरीत, बाजारात, महाविद्यालयात मराठी लागणारच आहे. मराठीच्या घरात शिरायला दार कोणत्या बाजूला ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे.

एका शिक्षकाच्या हातातील गोष्टी

शासनाचे निर्णय होत राहतील. तोपर्यंत वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला बरेच करता येते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पहिली गोष्ट शब्दांची. पाणी म्हणजे ‘डा’, घर म्हणजे ‘उरा’, अस्वल म्हणजे ‘बाना’, कुत्रा म्हणजे ‘सीटा’, अशा रोजच्या वापरातील दोनशे शब्दांची वही शिक्षकाने पहिल्या सत्रातच करावी. आणि ती मुलांकडून करून घ्यावी. मुले सांगणार, गुरुजी लिहिणार, उच्चार चुकला की मुले हसणार आणि दुरुस्त करणार. हे हसणे वर्गात चालू द्यावे. शिकणाऱ्याच्या जागी गुरुजी आणि शिकवणाऱ्याच्या जागी मूल, हा अदलाबदल आठवड्यातून अर्धा तास घडला तरी गप्प मुलाची मान वर येते. ज्या मुलाने गुरुजींना ‘उफुन’ म्हणायला शिकवले, ते दुसऱ्या दिवशी ‘चार’ म्हणताना कचरत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेत मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर स्वतः देतात, असे तिला आढळले. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणण्याचे प्रमाण घटले आणि ज्यांना मागे पडलेले समजले जात होते त्या मुलांनीही तोंड उघडले. ती मुले स्वतःच्या भाषेत उत्तर देत होती. कोरकू मुलाला मराठी प्रश्न ऐकून तो समजून घ्यायचा, मनात कोरकूत उत्तर तयार करायचे आणि ते पुन्हा मराठीत आणायचे असते. त्याच्यासाठी तीन सेकंदही कमीच. शिक्षकाने मनात सावकाश दहा मोजावेत आणि तोवर हात वर करून तडफडणाऱ्या हुशार मुलांकडे पाहू नये.

ही मुलेही वर्गाचीच आहेत, हे अर्थात विसरता कामा नये. मेळघाटात वनरक्षकाचे किंवा आरोग्यसेविकेचे मराठीभाषी मूल संख्येने एकटे असू शकते, मधल्या सुट्टीत खेळात त्याला घेतले जात नाही असेही होते. निहाल कुटुंबांना कोरकू गावात काहीसे खालचे मानण्याची रीत जुनी आहे. म्हणजे ‘आदिवासी’ आणि ‘बिगर आदिवासी’ अशी एकच रेघ ओढून शिक्षकाचे काम भागत नाही. कोण कोणाशेजारी बसत नाही, पाण्याच्या माठाला कोण शेवटी हात लावतो, खेळात गडी निवडताना कोण उरतो, हे पाहण्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. दर पंधरवड्याला जागा बदलणे हा साधा उपाय आहे. जोड्या लावताना मराठी बऱ्यापैकी येणारे कोरकू मूल आणि मुळीच न येणारे कोरकू मूल अशी जोडी सर्वांत उपयोगी पडते. कारण समजावण्याची भाषा दोघांचीही असते.

तिसरी गोष्ट याद्यांची आहे आणि ती नाजूक आहे. शिष्यवृत्ती, गणवेश, जातीचे दाखले यांची कामे शाळेला करावीच लागतात. त्यासाठी ‘अमुक जातीच्या मुलांनी उभे राहा’ असा पुकारा अनेक शाळांत सर्रास होतो. यात वाईट हेतू नसतो. पण परिणाम काय होतो? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांचा उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या सहाशेवर मुलांना कागदावरील भुलभुलय्या सोडवायला दिले होते. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा तथाकथित उच्च व नीच जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. मुलांच्या घोळक्यात नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचल्यावर मात्र खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले मागे पडली. मुले तीच आणि कोडीही तीच होती. बदलला होता तो केवळ एक पुकारा. हा प्रयोग कळल्यावर यादीवाचनाची पद्धत चालू ठेवणे कोणत्याही मुख्याध्यापकास अवघड जावे. पालकांना स्वतंत्र बोलावून किंवा कचेरीतच कागद पाहून हे काम उरकता येते.

गुणांच्या बाबतीतही सावधगिरी लागते. रेमा हॅना आणि ली लिंडन यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात वगैरे माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही नेमून शिक्षकांकडे तपासायला दिली होती. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीचे नाव असलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक थोडा होता, पण तो होता. आणि विशेष म्हणजे तो मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या तपासनीसांच्या हातून घडला होता. ‘मी स्वतः त्या समाजातला आहे, माझ्याकडून अन्याय कसा होईल?’ हा प्रश्न त्यामुळे उत्तर म्हणून पुरेसा ठरत नाही. शेजारच्या शाळेशी वह्यांची अदलाबदल करून, नाव झाकून, क्रमांकावरून तपासणी करणे केंद्रस्तरावर सहज शक्य आहे.

पोषण आहाराची पंगत, झाडलोट आणि पाणी भरणे ही कामे पाळीने सर्वांकडे असावीत, हे सांगण्याची गरज पडू नये. मुलींनी झाडायचे आणि मुलांनी फळा पुसायचा, अशी वाटणी मात्र अनेक ठिकाणी रुळलेली असते. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात झाडू हाती घेण्यात कमीपणा नाही. तो नेहमी एकाच हातात राहतो यात आहे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवले तर दोन्ही मुले शाळेबाहेर पडतात. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले, तेव्हा ही अडचण त्यांनी अंगणवाडी आणि पाळणाघर शाळेच्या जवळ आणून सोडवली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेचे नाव आज शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत विचारले जाते. सेमाडोहच्या परिसरात गुरांमागे जाणारी मुले मात्र अद्याप आहेत.

वारंवार गैरहजर राहणाऱ्या, सांधे दुखतात म्हणून खेळाच्या तासाला बसून राहणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, हे आरोग्य केंद्रात विचारावे. विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांत हा आजार आढळतो. थंडीत कवायत, अपुरे पाणी आणि अतिश्रम यांनी या मुलांचा त्रास वाढतो.

स्थलांतर आणि पुनर्वसन

दिवाळीनंतर मेळघाटातील अनेक कुटुंबे कापणीच्या, वीटभट्ट्यांच्या आणि बांधकामांच्या कामांवर सपाटीकडे उतरतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्यानंतर मेघनाथाच्या जत्रा भरतात. या तीन-चार महिन्यांत मूल पटावर असते आणि वर्गात नसते. परतल्यावर ते मागच्या ओळीत बसते, कारण पुस्तक पुढे गेलेले असते. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण, हा २००९ च्या कायद्यानेच दिलेला हक्क आहे. आई-वडील गेले तरी मुलाला गावात ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे; पण तिचा प्रस्ताव दिवाळीपूर्वी गेला पाहिजे. डिसेंबरात मंजूर झालेल्या वसतिगृहासाठी मुले मिळत नाहीत, ती तोपर्यंत गेलेली असतात. शाळेने सप्टेंबरमध्येच घरोघर विचारून जाणाऱ्या कुटुंबांची यादी केली, तर हे काम वेळेत होते.

दुसरे स्थलांतर कायमचे आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन या शतकाच्या आरंभापासून सुरू झाले. बोरी, कोहा, कुंड ही गावे त्यात आरंभीची; पुढे आणखी गावे अकोला जिल्ह्याच्या अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या बाजूला आली. सेमाडोहच्या वर्गात कोरकू मूल निदान संख्येने एकटे नसते. अकोटकडील सपाटीच्या शाळेत ते आपली भाषा, जंगल आणि गाव एकदम गमावून बसलेले असते. तेथील शिक्षकाने कोरकूचे नावही कधी ऐकलेले नसण्याचा संभव असतो. अशा शाळांतील शिक्षकांना मेळघाटातील अनुभवी शिक्षकांच्या वर्गात आठवडाभर बसण्यासाठी पाठवणे, हे अमरावती व अकोला या दोन जिल्हा परिषदांनी ठरवले तर फारशा खर्चाविना होण्यासारखे आहे.

पंचायत आणि कार्यालये

शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असा कायदा आहे. कागदावर तो पाळला जातो. सभा मात्र मराठीत चालते, इतिवृत्त मराठीत लिहिले जाते आणि कोरकू माता अंगठा किंवा सही करून घरी जातात. पंचायत सदस्यांपैकी कोणीतरी सभेत प्रत्येक विषय कोरकूत सांगावा आणि त्यावर कोरकूत चर्चा व्हावी, मग इतिवृत्त कोणत्याही भाषेत लिहावे. चिखलदरा व धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. येथील ग्रामसभेचे महत्त्व १९९६ च्या पेसा कायद्याने वाढवले आहे. तिच्यापुढे शाळेचा विषय वर्षातून एकदा तरी यावा, आणि त्यात इमारतीच्या पत्र्यांबरोबर किती मुलांना वाचता येते हाही प्रश्न विचारला जावा.

आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ दिला आहे. दुर्गम भागातील गैरसोयीचा तो मोबदला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र स्थानिक भाषा शिकलेल्या आणि न शिकलेल्या शिक्षकाला तो सारखाच मिळतो. कोरकू बोलू शकणाऱ्या शिक्षकाची नेमणूक पहिली-दुसरीच्या वर्गांवर करणे, बदल्यांच्या वेळी त्याच्या भाषाज्ञानाची नोंद सेवापुस्तकात पाहणे, या गोष्टी प्रशासनाच्या अधिकारात सहज बसतात. आज पहिलीचा वर्ग बहुधा शाळेतील सर्वांत नव्या शिक्षकाच्या वाट्याला येतो, आणि कोरकू येणारे गुरुजी सातवीला इतिहास शिकवीत असतात.

सुट्यांचाही असाच विचार करता येतो. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्या बहुधा तालुक्याच्या सोयीने संपवल्या जातात आणि होळीनंतरच्या मेघनाथ जत्रेच्या दिवशी शाळा भरते. त्या दिवशी हजेरीपटावर ओळीने गैरहजेरीच्या खुणा पडतात. त्या दिवशीची सुटी राखून ठेवली आणि तो बुडालेला दिवस जुलैत, कुटुंबे गावात असताना भरून काढला, तर पटावरचे ते रकाने भरतील. जत्रेहून परतलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी फळ्याजवळ बोलावून काल काय काय पाहिले ते सांगायला लावावे. आधी कोरकूत, मग जेवढे जमेल तेवढे मराठीत.